सकाळी बँकेचे संकेतस्थळ उघडत नाही, दुपारी उघडते: राऊटर हॅक झाला असेल का?

हिशेबवही (साखर पेठ, सोलापूर)

सप्रेम नमस्कार.

आमच्याकडे खाली टॉवेलचे सहा माग आणि वर राहते घर असून धंद्याचा सगळा हिशेब मी २०१४ साली घेतलेल्या एका डेस्कटॉपवर ठेवते. त्यावर विंडोज टेन आहे. गेले दीड-दोन महिने रोज सकाळी बँकेचे किंवा ई-वे बिलाचे संकेतस्थळ उघडायला घेतले की पडद्यावर लाल त्रिकोण येतो आणि तुमचे कनेक्शन खाजगी नाही, कोणीतरी माहिती चोरत असावे, अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य दिसते. कधीकधी त्याऐवजी घड्याळाविषयी काहीतरी लिहून येते, परंतु बँकेचा आणि घड्याळाचा काय संबंध, म्हणून मी ते फारसे वाचलेले नाही. जीमेल आणि यूट्यूबचीही तीच गत होते. दुपारी जेवणानंतर बिले करायला बसते तेव्हा मात्र तीच संकेतस्थळे विनातक्रार उघडतात.

हैदराबादला जाणारा माल ₹५०,००० च्या वर असला की ई-वे बिलाशिवाय ट्रान्सपोर्टवाला गाठोड्याला हात लावत नाही, आणि त्याची गाडी सकाळीच येते, त्यामुळे ही अडचण आता परवडेनाशी झाली आहे.

मुलगा पुण्याला नोकरीस आहे. त्याच्या सांगण्यावरून मी राऊटरच्या अ‍ॅपमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी पाहिली. घरात मोजून सहा उपकरणे असताना यादीत चौदा नावे निघाली, त्यांतली कित्येक नुसत्या आकड्यांची आणि अक्षरांची. तेव्हापासून माझ्या पोटात गोळा आला आहे. येथील एका दुरुस्तीवाल्याला बोलावले असता त्याने राऊटर हॅक झाल्याचे सांगून संगणक फॉरमॅट करणे, अँटिव्हायरस आणि नवा राऊटर मिळून ₹४,५०० खर्च सांगितला. तो करण्यापूर्वी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सातरस्ता_७७

ताई, एवढे घाबरण्याचे कारण नाही. त्या लाल पानावर खाली ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ असे बटण असते, ते दाबून पुढे जाण्याचा पर्याय निवडावा. मी कित्येक वर्षे असेच करतो आणि आजवर काही बिघडलेले नाही.

नवीपेठ_अण्णा

वरील सल्ला कृपया अमलात आणू नये, निदान बँकेच्या बाबतीत तरी मुळीच नको. त्या लाल पानाचा अर्थ एवढाच की समोरचे संकेतस्थळ खरोखर बँकेचेच आहे याची खात्री ब्राउझरला पटलेली नाही. ती का पटली नाही हे शोधायचे सोडून दार ढकलून आत जाण्याची सवय लागली, तर ज्या दिवशी खरोखरच चोर बसलेला असेल त्या दिवशीही हात त्याच बटणाकडे जाईल. बऱ्याच बँका आणि सरकारी संकेतस्थळे तर असे बटण दाखवू देतच नाहीत.

मी तीस वर्षे संगणक दुरुस्तीचे काम केले, आता निवृत्त आहे. ताई, खर्च करण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहून सांगाव्यात. लाल पान असताना उजव्या कोपऱ्यातली तारीख काय दिसते? त्याच वेळी त्याच वायफायवरून मोबाइलमध्ये बँकेचे संकेतस्थळ उघडते का? मोबाइलचे हॉटस्पॉट सुरू करून संगणक त्यावर जोडला तर लाल पान जाते की राहते? आणि संगणक सुरू होताना काळ्या पडद्यावर काही संदेश येतो का?

हिशेबवही

अण्णा, आज सकाळी सर्व पाहिले. तारीख ०१-०१-२०१४ होती. ती अधूनमधून चुकते हे मला ठाऊक आहे, म्हणून दुपारी बिले करण्यापूर्वी मी ती हाताने नीट लावते. मोबाइलवर वायफायनेच बँक व्यवस्थित उघडली. डेस्कटॉपला वायफाय नसल्यामुळे मोबाइल केबलने जोडून त्याचे इंटरनेट संगणकाला दिले, तरी लाल पान तसेच राहिले. काळ्या पडद्यावर ‘सीएमओएस चेकसम’ असे काहीतरी येऊन एफ वन दाबायला सांगतात. ते मी गेले तीन-चार महिने रोज दाबते, मला तो संगणक सुरू करण्याचाच भाग वाटत होता.

आणखी एक गोष्ट आज लिहिता लिहिता लक्षात आली. रात्री दुकान बंद करताना आम्ही भिंतीवरच्या बोर्डाचे मुख्य बटण बंद करतो. ज्या रात्री ते विसरते त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्रास होत नाही.

नवीपेठ_अण्णा

ताई, शेवटच्या दोन वाक्यांत तुम्ही स्वतःच निदान केले आहे. तुमच्या लाल पानाशी राऊटरचा काहीही संबंध नाही. मदरबोर्डावरचा, म्हणजे संगणकातल्या मुख्य पाटीवरचा, सेल संपला आहे, काळ्या पडद्यावरचा संदेशही तेच सांगत होता.

हा सेल म्हणजे रुपयाच्या नाण्यासारखा दिसणारा, सीआर २०३२ नावाचा ३ व्होल्टचा बटणसेल. नावातल्या आकड्यांत त्याचे मापच दिले आहे: व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर. संगणकाला वीज नसताना आतले घड्याळ चालू ठेवणे हे त्याचे काम. संगणक बंद असला तरी भिंतीवरचे बटण चालू असेल तर एसएमपीएसमधून (संगणकाला वीज पुरवणाऱ्या पेटीतून) ५ व्होल्टचा मंद पुरवठा मदरबोर्डाला मिळत राहतो आणि सेलवर भार पडत नाही. पण बोर्डच बंद केला की रात्रभर सगळा भार सेलवर येतो. आपल्याकडे पेठेतल्या दुकानांत आणि मागाच्या शेडमध्ये रात्री मुख्य बटण बंद करण्याची पद्धत आहे, ती आगीच्या दृष्टीने योग्यच आहे आणि ती मोडा असे मी सांगणार नाही. मात्र त्यामुळे सेल लवकर उतरतो, आणि चाळीस अंशांच्या वरचा आपला उन्हाळा त्याला आणखी दमवतो. तुमचा सेल बहुधा २०१४ पासून बदललेलाच नाही. तसे असेल तर त्याने अपेक्षेपेक्षा जास्तच सेवा दिली.

आता घड्याळाचा आणि बँकेचा संबंध. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळ ब्राउझरला एक प्रमाणपत्र दाखवते आणि त्यावर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध असे लिहिलेले असते. सप्टेंबर २०२० पासून नव्या प्रमाणपत्राची मुदत जास्तीत जास्त ३९८ दिवस ठेवण्याचा नियम आला आणि पुढे २०२९ पर्यंत ती टप्प्याटप्प्याने ४७ दिवसांवर आणण्याचे ठरले आहे. तुमचा संगणक सकाळी स्वतःला २०१४ मध्ये समजतो. त्याच्या दृष्टीने बँकेचे प्रमाणपत्र अजून सुरूच झालेले नाही, म्हणून तो बँकेवर संशय घेतो. दुपारी तुम्ही बिलांसाठी तारीख लावता आणि नकळत बँकेचेही कुलूप उघडता. कधीकधी घड्याळाविषयी जे वाक्य येत होते ते ‘तुमचे घड्याळ मागे आहे’ असे असणार. ब्राउझर बिचारा नेमके कारण सांगत होता.

मोबाइल मोबाइल कंपनीच्या मनोऱ्याकडून वेळ घेतो, म्हणून त्याला हा आजार झाला नाही. विंडोज स्वतः वेळ दुरुस्त का करत नाही, अशी शंका येईल. घरगुती संगणकावर इंटरनेटवरून वेळ जुळवण्याची सोय असते, परंतु मूळ मांडणीत पंधरा तासांपेक्षा जास्त फरक निघाला तर ती दुरुस्ती नाकारते, कारण एवढा फरक म्हणजे समोरचाच खोटे सांगत असावा असे तिला वाटते. बारा वर्षांचा फरक ती कशी स्वीकारणार?

सेल कोणत्याही घड्याळाच्या दुकानात चाळीस-पन्नास रुपयांत मिळेल. संगणकाची वायर काढून ठेवावी, डबा उघडावा, सेलशेजारची लहान पट्टी नखाने बाजूला दाबली की तो उसळून वर येतो. नवा सेल अधिक चिन्ह वर ठेवून बसवावा. नंतर एकदाच सेटअपमध्ये (संगणक सुरू होतानाच उघडणाऱ्या मांडणीच्या पानावर) जाऊन तारीख लावून साठवावी. डबा उघडलाच आहे तर पंख्यावर बसलेले सुताचे तंतूही मऊ ब्रशने काढून टाकावेत, मागाजवळच्या संगणकांत त्यांची गादीच तयार झालेली मी पाहिली आहे. जुना सेल मात्र टेबलावर ठेवू नका. घरात लहान मूल असेल तर हा विनोदाचा विषय नाही: असा सेल गिळला तर दोन तासांतच अन्ननलिका आतून भाजू शकते.

जुळे_सोलापूर_नेटवर्क

अण्णांचे निदान अचूक आहे. त्यात एका गोष्टीची भर घालतो, म्हणजे राऊटरवरचा संशय कशावरून फिटला हे स्पष्ट होईल. राऊटर ताब्यात घेणारे लोक बहुधा त्यातील डीएनएसचा पत्ता बदलतात. डीएनएस म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता सांगणारी यंत्रणा. ती खोटी झाली की बँकेचे नाव टाकूनही माणूस भलत्याच दारात पोहोचतो. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने अशाच एका टोळीवर कारवाई केली, तेव्हा शंभरहून अधिक देशांतील सुमारे ४० लाख संगणकांचे डीएनएस बदललेले आढळले होते. मात्र असे झाले असते तर घरातील सर्वच उपकरणांना त्रास झाला असता, दुसरे इंटरनेट जोडताच तो थांबला असता, आणि प्रमाणपत्राची तक्रार तारखेची नसून नाव जुळत नसल्याची किंवा देणारा अनोळखी असल्याची आली असती. ताईंच्या बाबतीत तिन्ही गोष्टी उलट्या आहेत.

पत्त्याचा विषय निघालाच आहे तर रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या शेपटीवर नेण्यास सांगितले होते, तेव्हा आपल्या बँकेचा पत्ता आता तसा संपतो का, हे एकदा नजरेखालून घालावे.

यादीतील चौदा नावांचे रहस्य बरेचसे साधे आहे. अँड्रॉइडच्या दहाव्या आवृत्तीपासून आणि आयफोनमध्ये २०२० पासून मोबाइल वायफायला आपला खरा मॅक पत्ता (जाळ्यावर उपकरण ओळखण्याचा क्रमांक) न देता एक बनावट पत्ता देतो. हा बनाव सुरक्षेसाठीच आहे. तुमच्या राऊटरवर दोन वेगळ्या नावांची वायफाय असतील तर एकच मोबाइल दोन्हींवर दोन निराळ्या पत्त्यांनी नोंदला जातो, आणि पूर्वी येऊन गेलेल्या पाहुण्यांची नावेही काही राऊटर बरेच दिवस पुसत नाहीत. पत्त्यातील दुसरे अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बनवलेला पत्ता समजावा. मोबाइलच्या वायफाय सेटिंगमध्ये तो वापरत असलेला पत्ता दिसतो. एकेक जुळवून पाहावा, अर्ध्या तासाचे काम आहे.

येथवर काळजी मिटली. पण एक प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. शेडमध्ये सीसीटीव्ही आहे का, आणि त्याचे चित्र बाहेरगावाहून मोबाइलवर दिसते का? असल्यास राऊटरच्या पानावर जाऊन (बहुधा १९२.१६८.१.१, पेटीच्या खालच्या कागदावर छापलेले असते) ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ आणि ‘रिमोट मॅनेजमेंट’ (बाहेरून राऊटरची मांडणी बदलण्याची सोय) या दोन ठिकाणी काय लिहिले आहे ते कळवावे. वायफायचा पासवर्ड काय आहे ते येथे लिहू नये, परंतु तो किती जणांना ठाऊक आहे ते सांगावे.

हिशेबवही

सेल बदलला. दुकानदाराने जुना मीटरवर लावला तेव्हा १.९ व्होल्ट भरला. रात्री बोर्ड बंद करूनही आज सकाळी तारीख बरोबर होती, एफ वन दाबावे लागले नाही आणि ई-वे बिल पहिल्याच फटक्यात निघाले. अण्णा, आपले आभार कसे मानावेत ते कळत नाही.

आता दुसरी बाजू. सीसीटीव्ही आहे. तो बसवणाऱ्याने तीन वर्षांपूर्वी राऊटरमध्ये काहीतरी केले होते, कारण मुलाला पुण्याहून शेड पाहता यावी अशी यजमानांची इच्छा होती. पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये दोन ओळी आहेत. रिमोट मॅनेजमेंट चालू आहे. राऊटरच्या पानाचे नाव आणि पासवर्ड दोन्ही ‘अ‍ॅडमिन’च आहेत, आणि डीव्हीआरचा (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणाऱ्या पेटीचा) पासवर्ड एकापासून सहापर्यंतचे आकडे असा आहे. वायफायचा पासवर्ड यजमानांचा मोबाइल क्रमांक असून कामगारांच्या सोयीसाठी तो शेडच्या भिंतीवर खडूने लिहिलेला आहे.

जुळे_सोलापूर_नेटवर्क

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. चोर आलेला नव्हता हे खरे, पण मागचे दार तीन वर्षे सताड उघडे होते.

पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे जगातील कोणालाही तुमच्या डीव्हीआरच्या दारापर्यंत थेट वाट काढून देणे. अशी दारे ठोठावणारे कार्यक्रम इंटरनेटवर अहोरात्र फिरत असतात. २०१६ मध्ये मिराई नावाच्या कार्यक्रमाने कारखान्यातून येताना असलेल्या साठएक नाव-पासवर्डांच्या जोड्या वापरून लाखो डीव्हीआर, कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले, आणि २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्यांच्या जोरावर अमेरिकेतील एका मोठ्या डीएनएस कंपनीवर हल्ला होऊन ट्विटर आणि नेटफ्लिक्ससारखी संकेतस्थळे काही तास कोलमडली. कोणाच्या तरी गोदामातला कॅमेरा त्या हल्ल्यात सामील होता आणि मालकाला त्याचा पत्ताही नव्हता. तुमच्याकडचा कॅमेरा दुसऱ्यावर दगड मारण्यासाठी वापरला जाऊ शकतो, आणि शेड कधी रिकामी असते हेही कोणी पाहू शकतो. मला दुसरी गोष्ट जास्त खटकते.

क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून क्रमाने सांगतो. प्रथम रिमोट मॅनेजमेंट बंद करून राऊटरच्या पानाचा पासवर्ड बदलावा. लगेच डीएनएसची ओळ पाहावी. ती ‘आपोआप’ असावी किंवा तिथे तुमच्या इंटरनेटवाल्याने दिलेला पत्ता असावा. अनोळखी पत्ता दिसला तर राऊटर मूळ स्थितीला आणून सगळे नव्याने भरावे. त्यानंतर फॉरवर्डिंगच्या दोन्ही ओळी पुसाव्यात आणि यूपीएनपी (उपकरणांना राऊटरमध्ये आपोआप वाट उघडू देणारी सोय) बंद करावे, नाहीतर डीव्हीआर स्वतःच पुन्हा वाट उघडून घेईल. मुलाला पुण्याहून शेड दिसणे थांबेल अशी भीती नको: आजकालचे बहुतेक डीव्हीआर कंपनीच्या अ‍ॅपमधून, आतून बाहेर जोडणी करून चित्र दाखवतात, त्यासाठी दार उघडे ठेवावे लागत नाही. अर्थात डीव्हीआरचा पासवर्ड बदलणे आणि त्याचे सॉफ्टवेअर अद्ययावत करणे त्याआधी व्हायला हवे.

डब्ल्यूपीएसही, म्हणजे पासवर्डाऐवजी पिनने वायफाय जोडण्याची सोय, बंद करावे. त्याचा आठ आकडी पिन फार तर ११,००० प्रयत्नांत सापडू शकतो हे २०११ मध्येच उघड झाले आहे. भिंतीवरच्या खडूबद्दल मात्र मी कामगारांना वायफाय देऊ नका असे म्हणणार नाही. दिवसभर मागासमोर उभे राहणाऱ्या माणसाला दुपारी घरी व्हिडिओ कॉल करावासा वाटला तर त्यात गैर काही नाही. राऊटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ची सोय असेल तर ती चालू करून तिचा वेगळा पासवर्ड खुशाल भिंतीवर लिहावा. डीव्हीआर, प्रिंटर आणि हिशेबाचा संगणक मुख्य जाळ्यावर, त्याचा पासवर्ड बारा-पंधरा अक्षरांचा, आणि तो फक्त घरातल्यांना ठाऊक.

करसल्ला_होटगी_रस्ता

मुख्य चर्चा आटोपत आली आहे, तरी एक व्यावहारिक बाब. गेल्या तीन-चार महिन्यांत सकाळी तयार झालेली चलने तपासावीत. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये आर्थिक वर्षाबाहेरची तारीख सहसा अडते, परंतु एक्सेलमध्ये काहीच अडत नाही. तिथे ‘टुडे’चे सूत्र वापरले असेल तर तारीख संगणकाच्या घड्याळावरून येते, शिवाय फाइल ज्या दिवशी उघडाल त्या दिवशी ती पुन्हा बदलते. कंट्रोल आणि अर्धविराम एकत्र दाबले की आजची तारीख कायमची बसते. चलनासाठी तेच वापरावे.

हिशेबवही

आपण लिहिलेले रविवारी सकाळपासून एकेक करत गेले आणि दुपारी तीनपर्यंत संपवले. डीएनएस ‘आपोआप’वरच होते, त्यामुळे मनावरचे ओझे उतरले. मुलाने पुण्याहून अ‍ॅपमध्ये शेड पाहिली, फॉरवर्डिंगच्या ओळी नसताना चित्र उलट लवकर उघडते असे तो म्हणाला. एक्सेलची २०१४ ची चलने सहा निघाली. सुदैवाने त्यांची बिले दुपारची असल्याने त्यांवर तारीख बरोबर होती. दुरुस्तीवाल्याला सध्या गरज नसल्याचे कळवले. जुना सेल चिकटपट्टीत गुंडाळून नातवाच्या हाताला लागणार नाही अशा डब्यात ठेवला आहे.

यादीतील चौदापैकी अकरा पत्ते जुळले: सहा उपकरणांचे आठ, आणि तीन आमच्या कामगारांच्या मोबाइलचे. उरलेले तीन कोणाचे ते कळत नव्हते. मुख्य पासवर्ड बदलल्यावर संध्याकाळी समोरच्या घरातला मुलगा जिन्यापाशी येऊन, काकू, तुमचे वायफाय बिघडले आहे का, असे विचारून गेला. मी हो म्हणून सांगितले.